मोदकांच्या ताटाखालचा कागद

कुडाळ

चि. बाब्या यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा वरच्या वाडीतल्या वहिनी आमसुलं न्यायला आल्या त्या मोबाइल पुढे करतच. मॉरिशसच्या गणपतीचा फोटो. तू झब्ब्यात, शेजारी तो गृहस्थ, पुढ्यात मोदकांचं ताट आणि ताटाखाली दाबलेला कागद. "भाच्याक भागीदार गावलो," म्हणाल्या, "अर्धो-अर्धो." मी गणपतीही नीट पाहिला नाही. सही झाली आहे का बघायला फोटो मोठा केला, तर मोदकच मोठे झाले.

झाली असेल सही तर हे पत्र वाया. नसेल झाली तर पेन खाली ठेव आणि आधी हे वाच.

त्या गृहस्थाचे खापरपणजोबा रत्नागिरीकडचे, हे तू आईला दोनदा सांगितलंस. तो धंदा कसा करतो हे एकदाही सांगितलं नाहीस. 1834 पासून गिरमिटावर उसाच्या मळ्यात माणसं नेली, त्यात आपल्या कोकणातलीही होती. घरात क्रिओल आली, वर्तमानपत्र फ्रेंच आलं, तरी त्यांनी गणपती सोडला नाही. याचं मला भरून येतं रे. पण आरती तोंडपाठ असलेला माणूस हिशेबालाही चोख असतो असं कुठे आहे? आपल्याच वाडीत बघ की.

तुझ्या घाईचं मूळ मला कळतं. तिथे कंपनी काढायची तर तिथे राहणारा एक तरी संचालक कायद्यानेच लागतो. पण ते काम ठरावीक फी घेऊन करणारी माणसं मिळतात. ड्रायव्हर ठेवताना अर्धी गाडी त्याच्या नावावर करतोस का? आणि अर्धं-अर्धं म्हणजे वाद झाला की दोघांचं मत सारखं, गाडा जागच्या जागी. मग उठायचं कोर्टात, जिथे कायदा थोडा फ्रेंचांचा आणि थोडा इंग्रजांचा. तुला आपला सात-बारा अजून वाचता येत नाही.

सगळा देश 2,040 चौरस किलोमीटर, आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. कुडाळात कुणाचा चेक परत आला की कणकवलीला संध्याकाळच्या आत कळतं, तसंच तिथे असणार. मग विचार ना. ज्या हॉटेलांना तू कोठाराचं सॉफ्टवेअर विकणार, त्यांना भाजी घालणाऱ्याला विचार. या गृहस्थाच्या आधीच्या भागीदाराला विचार, आणि तो नेमकं ज्याचं नाव घेत नाही त्याला तर आधी. त्याची जुनी कंपनी असेल तर सरकारी नोंदीत सापडेल, संचालक कोण होते तेही. लहान बाजारात चौकशी सोपी, पण भांडण महाग. याच्याशी फाटलं तर पुढचं हॉटेल तुला दारातही घेणार नाही, कारण तिथला मॅनेजर याचा साडू निघेल.

आणि सॉफ्टवेअर कुणाच्या नावावर, बँकेत सही कुणाची, एकाला निघायचं झालं तर काय, हे आधी कागदावर. मोदक मागाहून.

मी हे कुठल्या तोंडाने सांगतोय ते तुला ठाऊक आहे. 1994 साली आखातातला तो माणूस फोनवर आपल्या मालवणीत बोलला आणि मी विरघळलो. 320 नंबरचा काजूगर, दोन खेपांचे पैसे चोख आले. तिसरी खेप तिप्पट. बँकेतला साहेब एलसी, म्हणजे पैशांची बँकेकडून हमी, घ्या म्हणत होता. आपल्याच माणसाकडे एलसी काय मागायची, मला लाज वाटली. मग फोन वाजत राहायचा नुसता. पाटल्या कुणाच्या मोडल्या ते मी लिहीत नाही. तुझ्या आईच्या हातात अजून काचेच्याच आहेत, आणि तिने एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून त्या कागदाचा धसका घेतलाय मी. रात्री उठून पुन्हा फोटो बघितला.

पण एक गोष्ट कबूल करतो. आखातातल्या त्या माणसाचं दुकान मी कधी पाहिलंच नव्हतं. पासपोर्ट काढला होता, त्यावर एक शिक्का नाही. तू जाऊन राहिलास, बसने हिंडून हॉटेलांची कोठारं पाहिलीस. 2021 च्या एप्रिलपासून दोन्ही देशांत व्यापार करार लागू आहे, तिथे पाय रोवला की आफ्रिकेचा बाजार जवळ येतो, हे तुझं गणितही मला पटतं. तो गृहस्थही कदाचित सज्जन असेल. त्याच्याही घरी एखादा मामा म्हणत असेल, कुडाळचा पोरगा, कोण कुठला, अर्धी कंपनी देतोस? तर दोघे मिळून आधी एकाच हॉटेलचं काम करा, पैसे वाटून घ्या. वाटताना माणूस कळतो. मग काय ते ठरवा.

आणि सही झालीच असेल तरी फोन कर. ओरडणार नाही. वर वाया म्हटलं ते रागात.

आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, तिकडे येणारं कुणी असेल तर कळव. आईला यातलं काही बोललो नाही. फोटो तिनेही पाहिला, तिनेही मोठा करूनच. कागद तिला दिसला नाही. "बारीक झालो हा," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ मोबाइल परत दिला नाही.

तुझा
मामा