‘मांदुकाते’ : चावून खा

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) आपली मिस्सा लॅटिनमध्ये होई. भाकर हाती घेऊन धर्मगुरू म्हणत, ‘मांदुकाते’, म्हणजे ‘खा’.

खाण्यासाठी लॅटिनचा जुना शब्द ‘एदेरे’. तो संस्कृत ‘अद्’ धातूचा भाऊबंद. ‘अद्’वरूनच आपले ‘अन्न’ झाले. ‘मांदुकारे’चा मूळ अर्थ मात्र चावणे. लोकांच्या बोलीतला हा शब्द पुढे खाण्यालाच रूढ झाला. इटालियन ‘मांजारे’ त्याचाच वंशज.

मुरारच्या शेतकरी बंधुभगिनींनो, कापणीच्या घाईत आपण घास नुसता गिळतो. नीट चावल्यास लाळेमुळे पोळीतील पिष्टाचे पचन तोंडातच सुरू होते. गहू आपल्या घामाचा आहे. प्रार्थना करून, सावकाश चावून खाऊ या. आणि मजुरालाही जेवायला तेवढीच सवड देऊ या.