निखळलेली कळ : दुरुस्ती आणि पाठ

लॅपटॉपच्या कळफलकावरील एखादी कळ निखळली म्हणजे ते यंत्र कपाटात बंद करून ठेवण्याची प्रवृत्ती पुष्कळदा आढळते. शाळेत एकच यंत्र असेल, तर त्यामुळे सर्वच वर्गांचे काम अडते. शिवाय ज्या मुलाच्या हातून कळ निघाली, ते पुन्हा यंत्राला हात लावण्यास भिते. ही दुसरी हानी अधिक मोठी होय. वस्तुतः अशी कळ पुष्कळदा मोडलेली नसते, केवळ सुटलेली असते.

एका कळीचे महत्त्व किती, हे मराठी लेखनावरून स्पष्ट होते. १९९१ च्या भारतीय मानकातील 'इनस्क्रिप्ट' मांडणीत स्वरचिन्हे डाव्या हाताकडे व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असतात. त्यात इंग्रजी 'डी'च्या कळीवर हलन्ताचे चिन्ह आहे. ती एक कळ गेली की 'पुस्तक', 'शक्ती', 'विद्यार्थी' हे शब्द नीट उमटत नाहीत.

कळीची रचना. सामान्यतः कळीचे चार भाग असतात. वर अक्षर छापलेले टोपण. त्याखाली एकमेकींत अडकवलेल्या दोन बारीक चौकटींचा कात्रीवजा सांधा. मध्यभागी रबराची लहान वाटी. आणि तळाशी विद्युतमार्ग असलेले पातळ पटल. बोट दाबताच वाटी दबते, पटलातील दोन टोके जुळतात व अक्षर उमटते. बोट उचलताच वाटी टोपणाला पुन्हा वर लोटते. सांधा टोपणाला तिरके होऊ देत नाही.

दुरुस्तीची कृती.

१. यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास प्रथम मुख्याध्यापकांच्या संमतीने विक्रेत्यास कळवावे.

२. मुदत संपली असल्यास यंत्र पूर्ण बंद करून विजेची तार काढावी. सुटे भाग पांढऱ्या कागदावर ठेवावेत.

३. टोपणाच्या आतील आकडे, सांध्याच्या खुंट्या व रबरी वाटी नीट तपासावी. शेजारची शाबूत कळ न उचलता, ती कडेने पाहून सांध्याची दिशा ओळखावी.

४. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. पाणी वापरू नये.

५. सांधा टोपणाला चिकटून आला असल्यास तो हलकेच सोडवावा. तळाच्या धातूच्या आकड्यांत तो बसवून वरखाली होतो की नाही, हे पाहावे.

६. टोपण सरळ ठेवून चारही कोपरे क्रमाने अलगद दाबावेत. 'टक' असा आवाज झाला म्हणजे ते बसले. न बसल्यास जोर न करता पुन्हा दिशा तपासावी.

स्पेस, एंटर, शिफ्ट या लांब कळींखाली बहुधा तारेची कांब असते. ती प्रथम तिच्या आकड्यांत अडकवावी, मग टोपण दाबावे. लवकर वाळणारा गोंद मुळीच वापरू नये; तो सांध्यात उतरल्यास कळ कायमची जखडते.

आकडा किंवा खुंटी तुटली असल्यास नवा भाग आणावा लागतो. एकाच कंपनीच्या यंत्रांतही सांध्यांचे आकार भिन्न असतात. म्हणून जुना भाग आणि यंत्राच्या तळावरील मॉडेल क्रमांक सोबत न्यावा. तळाचा धातूचा आकडाच तुटला असल्यास कारागिराकडून कळफलक बदलून घ्यावा. तोपर्यंत विंडोज प्रणालीत विंडोज, कंट्रोल व 'ओ' या कळी एकत्र दाबल्यास पडद्यावर कळफलक येतो. त्यावर काम चालवावे.

वर्गातील पाठ. वरच्या वर्गांतील मुलांसमोर ही दुरुस्ती केल्यास यंत्ररचनेचा उत्तम पाठ होतो. यंत्र बंद करण्यापूर्वी टोपण नसलेल्या जागी रबरी वाटी बोटाने हलकेच दाबून दाखवावी. अक्षर उमटेल. मग विचारावे : 'टोपण नसता अक्षर कसे उमटले? मग टोपणाचे काम कोणते?' उत्तर मुलांनीच शोधावे. त्यानंतर फळ्यावर चारही भागांची आकृती काढून घ्यावी. पाठासाठी चांगली कळ मुद्दाम उपटू नये, आणि सुटे भाग लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. ते तोंडात जाण्याची भीती असते.

दुरुस्तीनंतर, ज्या मुलाच्या हातून कळ निखळली होती त्यालाच प्रथम त्या कळीवर एक शब्द लिहावयास सांगावे. यंत्राची भीती जाण्यास यापरता सोपा उपाय नाही.