बर्फीच्या नखांबद्दल

चि. मुक्तास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री ताईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मुक्ता त्या मांजरीची नखं काढून घेणार आहे म्हणे. डॉक्टरची वेळसुद्धा घेतलीय." नखं काढणं म्हणजे नखं कापणं असं तिला वाटतं, म्हणून मी काही बोललो नाही. पण नंतर झोप लागली नाही. ताईचं निम्मं ऐकीव असतं, हेही तसंच असलं तर उत्तम. पण खरं असेल, तर हे शेवटपर्यंत वाच. हातानं लिहून फोटो पाठवतोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात गाई-म्हशींत गेली. तिथे मांजर दाखवायला कोण आणणार? पण कॉलेजात हाडं सगळ्यांचीच शिकावी लागतात. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते पुन्हा येऊ नये म्हणून ते हाडच सांध्यातून तोडतात. पुढच्या दोन पायांची दहा नखं म्हणजे दहा पेरं. तुझी बोटं शेवटच्या पेराला छाटावीत, तसं. त्यात मांजर चालतं बोटांवर. पुढे पाय दुखतो म्हणून कित्येक मांजरं मातीच्या ट्रेमध्ये जायचं टाळतात, आणि नखं नाहीत म्हणून चावायला शिकतात. सोफा वाचायचा आणि तुझ्या सासूबाईंची गादी भिजायची!

तू कामाला जातेस त्या न्यूयॉर्कमध्ये, मांजराच्याच दुखण्यासाठी लागलं तर गोष्ट वेगळी, एरवी ही शस्त्रक्रिया 2019 पासून कायद्यानं बंद आहे. जनावराचा अवयव विनाकारण तोडणं आपल्याकडे 1960 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. आणि तुम्ही दोघं एवढी शिकलेली माणसं हे करणार कशासाठी, तर सोफ्यासाठी? जावईबापूंनी हौसेनं घेतलाय, मला माहीत आहे. सासूबाई दिवाळीला येणार, त्यांना मांजराची भीती, हेही ताईनं सांगितलं. तरी नाही म्हणजे नाही.

बर्फी ओरबाडते ती तुमच्यावर राग धरून नव्हे. नखाचा जुना पापुद्रा सुटावा लागतो. सोफ्याखाली झाडताना वाकडी, पोकळ टरफलं सापडली असतील तुला, ती तीच. शिवाय पंज्यातल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो, म्हणजे ही जागा माझी, अशी तिची नोंद. आणि झोपून उठल्यावर अंग ताणायला काहीतरी घट्ट धरायला लागतं. हे तिला बंद करता येणार नाही. जागा बदलून देता येईल.

घायपाताची दोरी गुंडाळलेला खांब आण. सिसल म्हणून मिळतो तो हाच. तीन फुटांचा तरी हवा आणि बूड जड हवं. एकदा हलला की मांजर त्याच्याकडे फिरकत नाही. आता ताई सांगेल की खांब कोपऱ्यात ठेव, बरा दिसत नाही. तिचं ऐकू नकोस. सोफ्याचा जो कोपरा फाडलाय, अगदी त्याला लागून ठेव आणि त्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लाव. पंजाला चिकट लागलं की ती आपसूक खांबाकडे वळते. तिचे पाय धरून खांबावर घासायचे नाहीत. दोरीला पीस बांधून वर नाचव, ती झेपावेल. नख लागलं की तिथल्या तिथे खाऊ द्यायचा. सवय पक्की झाल्यावर खांब रोज थोडा थोडा सरकव.

मारायचं नाही. पाणीही उडवायचं नाही. त्यातून ती एवढंच शिकेल की मुक्ता घरात असताना ओरबाडू नये. आणि हातानं खेळवणं आजपासून बंद. तुझ्या मनगटावरचे ओरखडे फोटोत दिसले मला.

नखांची टोकं मात्र दोन-तीन आठवड्यांनी काढत जा. ती पेंगुळलेली असताना मांडीवर घे. बोट वरून-खालून हलकं दाबलं की नख बाहेर येतं. उजेडाकडे धर. मुळाशी गुलाबी दिसेल, तिथे रक्त असतं, तिकडे कात्री न्यायची नाही. पुढचा पांढरा आकडा तेवढा उडवायचा. पाय ओढून घेतला तर सोडून दे. एका दिवसात एक नख झालं तरी पुष्कळ.

मी हे इतकं का लावून धरलंय, ते ताईला विचार. वाड्यातल्या मनीनं आप्पांच्या बैठकीचे लोड फाडले, तेव्हा तिला पोत्यात घालून आयर्विन पुलापलीकडे, सांगलीवाडीला सोडून यायला मला सांगितलं होतं. आप्पांपुढे 'नको' म्हणायची माझी छाती नव्हती. सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून गेलो. मनी परत आली नाही. ताई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नव्हती, आणि अजूनही विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते. तेव्हा दोन वाव घायपाताची दोरी कुणाला सुचली असती तर? आमच्या मळ्याच्या बांधावर उभी घायपात होती गं.

जास्त बोललो असेन. तू मुळात हळवी. लहानपणी चिमणीचं पिल्लू सापडलं तेव्हा रात्रभर दिवा लावून बसलेली तू, आपण होऊन असं ठरवणार नाहीस. परदेशात नोकरी, घर, आता सासूबाईंची धास्ती, सगळं एकदम आलं की माणूस कुणीतरी सुचवलेला झटपट उपाय धरतो. सासूबाईंचं माझ्यावर सोड, त्यांच्याशी मी बोलतो. सोफ्याला जाड चादर घाल. जावईबापू कुरकुरले तर खांबाचे पैसे मामानं दिलेत म्हणून सांग, मी खरंच पाठवतो.

डॉक्टरची ती वेळ रद्द केलीस की लगेच कळव. इथे कितीही वाजले असले तरी फोन कर, मी उचलेन.

तुझा,
दत्तूमामा