एकाच माणसानें किती वेळां गव्हर्नर व्हावें?

वर्गाचा मॉनिटर निवडण्याची वेळ आली म्हणजे दरवर्षीं एक तक्रार ऐकूं येते: "गेल्या वर्षीं तोच होता, आतां दुसऱ्याला संधि द्या." त्यावर दुसरा पक्ष म्हणतो, "तो काम चांगलें करतो, मग त्यालाच कां नको?" वाद लहान दिसतो खरा, परंतु अमेरिकेंतील राज्यें गेलीं अडीचशें वर्षें याच वादाचा निकाल लावूं पाहात आहेत, आणि तो अद्याप लागलेला नाहीं.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करूं. आपल्याकडील राज्यपालास इंग्रजींत गव्हर्नरच म्हणतात. पण त्याची नेमणूक राष्ट्रपति करतात, व प्रत्यक्ष कारभार मुख्यमंत्री पाहातो. अमेरिकेंतील गव्हर्नर हा राज्यांतील सर्व मतदारांनीं निवडून दिलेला असतो आणि कारभाराचीं सूत्रें त्याच्याच हातीं असतात. (जुन्या मराठी पुस्तकांत या राज्यांना 'संयुक्त संस्थानें' म्हणत. तेथें संस्थानिक मात्र कोणी नाहीं!) बहुतेक राज्यांत त्याची मुदत चार वर्षांची असते; न्यू हॅम्पशायर व व्हरमाँट या दोनच राज्यांत ती दोन वर्षांची आहे.

इंग्लंडच्या राजानें पाठविलेल्या गव्हर्नरांचा जाच ज्यांनीं सोसला, त्यांना स्वातंत्र्य मिळतांच त्या पदाची धास्ती वाटावी हें साहजिक होतें. व्हर्जिनिया राज्यानें १७७६ सालीं आपली घटना केली तींत असें ठरविलें कीं, गव्हर्नर दरवर्षीं कायदेमंडळानें निवडावा, त्यानें लागोपाठ तीन वर्षांहून अधिक काळ पदावर राहूं नये, आणि नंतर चार वर्षें त्या पदाकडे फिरकूं नये. पहिला गव्हर्नर पॅट्रिक हेन्री तीन वर्षें राहून १७७९ मध्यें पायउतार झाला. त्याच्या जागीं टॉमस जेफर्सन आला. आणि १७८४ मध्यें हेन्री पुन्हां निवडला गेला. पुढें निवडणूक थेट जनतेकडे आली, मुदत चार वर्षांची झाली. परंतु पदावर असलेल्या गव्हर्नरानें लगेच पुन्हां उभें राहावयाचें नाहीं, हा निर्बंध व्हर्जिनियांत अजून टिकून आहे. असा कडक नियम पाळणारें आज तें एकच राज्य आहे. इतर पुष्कळ राज्यांत लागोपाठ दोन मुदती चालतात. कॅलिफोर्नियांत साऱ्या आयुष्यांत दोनच. आणि टेक्सस, न्यूयॉर्क, आयोवा अशा कांहीं राज्यांत मर्यादाच नाहीं.

आतां या नियमाचा निवडणुकीवर परिणाम काय होतो तें पाहूं. जो खुर्चीवर बसला आहे त्याचें नांव सर्वांस ठाऊक असतें, वर्तमानपत्रें त्याच्याविषयीं लिहितात, देणगीदार त्याच्या दारीं येतात. त्याच्याविरुद्ध उभें राहाण्यास चांगलीं माणसें कचरतात. मर्यादा असली म्हणजे मैदान ठरलेल्या वर्षीं रिकामें होणार हें सर्वांस आधींच कळतें, आणि त्याची तयारी वर्षानुवर्षें चालते. व्हर्जिनियांत उपगव्हर्नर व ॲटर्नी जनरल या दोन पदांना अशी मर्यादा नाहीं. म्हणून तीं पदें गव्हर्नरपदाच्या पायऱ्याच होऊन बसलीं आहेत. २०१३ मध्यें ॲटर्नी जनरल केन कुचिनेली उभे राहिले व पडले. २०१७ मध्यें उपगव्हर्नर राल्फ नॉर्थम उभे राहिले व निवडून आले. २०२५ मध्यें उपगव्हर्नर विन्सम अर्ल-सिअर्स उभ्या राहिल्या व ॲबिगेल स्पॅनबर्गर यांनीं त्यांचा पराभव केला. स्पॅनबर्गर या त्या राज्याच्या पहिल्या स्त्री-गव्हर्नर होत.

परंतु कायद्यानें दार लावलें म्हणजे महत्त्वाकांक्षी मनुष्य खिडकी शोधतो. याचें सर्वांत विलक्षण उदाहरण अलाबामा राज्यांत घडलें, आणि तें सविस्तर सांगण्याजोगें आहे. जॉर्ज वॉलेस हे १९६३ मध्यें तेथें गव्हर्नर झाले. गोऱ्या व काळ्या लोकांना अलग ठेवण्याचा त्यांचा हट्ट सर्व देशांत कुप्रसिद्ध होता. अलाबामांतही तेव्हां गव्हर्नरास लागोपाठ दुसऱ्यांदा उभें राहातां येत नसे. १९६५ मध्यें वॉलेस यांनीं ही अट बदलून घेण्याचा प्रयत्न केला, पण राज्याच्या सेनेटनें तो हाणून पाडला. तेव्हां १९६६ च्या निवडणुकींत त्यांनीं आपली पत्नी लर्लीन हिला उभें केलें! निर्णय पतीच घेणार हें कोणापासून लपविलेलें नव्हतें. पक्षांतर्गत निवडणुकींत दोन माजी गव्हर्नर तिच्याविरुद्ध होते; त्या सर्वांना मागें टाकून ती निवडून आली. मतदारांनीं डोळे उघडे ठेवून मत दिलें, हें विसरतां कामा नये. कायदा मनुष्यास अडवीत होता. लोकांना तोच मनुष्य हवा होता.

या गोष्टीची दुसरी बाजू करुण आहे. लर्लीनला कर्करोग जडला होता. १९६१ मध्येंच वैद्यांना त्याची शंका आली व त्यांनीं ती पतीस सांगितली, तिला सांगितली नाहीं. १९६६ च्या आरंभीं शस्त्रक्रिया होऊन ती लगोलग प्रचारास लागली. गव्हर्नर झाल्यावर टस्कालूसा येथील मनोरुग्णांचीं हलाखींत दिवस काढणारीं रुग्णालयें तिनें स्वतः पाहिलीं, तिला अश्रु आवरेनात, आणि त्यांच्यासाठीं तिनें पैसा मंजूर करून घेतला. तें काम तिचें स्वतःचें होतें. ७ मे १९६८ रोजीं, वयाच्या ४१ व्या वर्षीं, पदावर असतांनाच तिचें निधन झालें. त्याच वर्षीं अलाबामानें घटना बदलून लागोपाठ दोन मुदतींस परवानगी दिली. तिचा पहिला लाभ कोणास झाला असेल? जॉर्ज वॉलेस १९७० मध्यें पुन्हां निवडून आले, १९७४ मध्यें पुन्हां, आणि मध्यें एक मुदत सोडून १९८२ मध्यें आणखी एकदां. पुढें नॉर्थ कॅरोलायनानें १९७७ मध्यें व केंटकीनें १९९२ मध्यें असेच नियम सैल केले.

आणखी एक प्रश्न विचारी मतदारास पडतो. ज्यास पुन्हां मत मागावयाचें नाहीं तो मतदारांची पर्वा कां करील? टिमथी बेस्ली व ॲन केस या अर्थशास्त्रज्ञांनीं १९५० ते १९८६ या काळांतील गव्हर्नरांचा अभ्यास करून १९९५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. पुन्हां उभें राहाण्याची वाट बंद झाली असतां डेमोक्रॅट गव्हर्नरांच्या कारकीर्दींत कर व खर्च यांचें मान बदलतें, असें त्यांना आढळलें. उलटपक्षीं असेंही म्हणतां येईल कीं, मतांची भीति नसलेला मनुष्यच कधीं कधीं अप्रिय पण आवश्यक गोष्ट करतो. मला स्वतःला पहिली शंका अधिक वजनदार वाटते. परीक्षा होणार नाहीं हें कळल्यावर आपण अभ्यास किती करतों, तें प्रत्येकानें आपल्याशीं पाहावें.

जेथें मर्यादा नाहीं तेथें काय घडतें? आयोवांत टेरी ब्रॅनस्टॅड १९८३ ते १९९९ व पुन्हां २०११ ते २०१७ असे बावीस वर्षांहून अधिक काळ गव्हर्नर होते. अमेरिकेच्या इतिहासांत इतका काळ दुसरा कोणीही राहिला नाहीं. न्यूयॉर्कमध्यें मारिओ क्युओमो तीन वेळां निवडून आले, चौथ्यांदा १९९४ मध्यें उभे राहिले, आणि मतदारांनींच त्यांना घरीं बसविलें. तेथें कायद्याची गरज पडली नाहीं. कॅलिफोर्नियांत तर मोठी गंमत झाली. दोन मुदतींचा नियम १९९० मध्यें झाला. जेरी ब्राउन यांच्या पहिल्या दोन मुदती, १९७५ ते १९८३, त्यापूर्वींच्या असल्यामुळें मोजल्या गेल्या नाहींत, आणि ते २०११ ते २०१९ आणखी दोन मुदती गव्हर्नर राहिले.

पालकांपैकीं कोणी विचारील, आपल्या मुख्यमंत्र्यांना अशी मर्यादा कां नाहीं? वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि कोणताही नियम मोडला नाहीं. कारण असें कीं, आपला मुख्यमंत्री विधानसभेच्या विश्वासावर उभा असतो; तो विश्वास गेला कीं कोणत्याही दिवशीं त्याला जावें लागतें. अमेरिकन गव्हर्नरास, महाभियोगासारखा क्वचित येणारा प्रसंग वगळतां, मुदत संपेपर्यंत हलविणें फार कठीण. म्हणून तेथें घड्याळावर भिस्त ठेवावी लागते.

व्हर्जिनियांत हा निर्बंध उठवावा अशा सूचना वारंवार आल्या व बारगळल्या. तेथें घटना बदलावयाची तर दोन वेगवेगळ्या कायदेमंडळांनीं, मध्यें निवडणूक होऊन, तोच ठराव संमत करावा लागतो, आणि मग तो जनतेच्या मतास टाकावा लागतो. तोंपर्यंत जुनाच नियम चालू आहे. जानेवारी २०२६ मध्यें शपथ घेतलेल्या स्पॅनबर्गर, कारभार कितीही उत्तम झाला तरी, २०२९ च्या निवडणुकींत गव्हर्नरपदासाठीं उभ्या राहूं शकणार नाहींत. जानेवारी २०३० मध्यें त्या खुर्चीवर दुसरें कोणी तरी बसलेलें असेल.