धूप, गंध आणि घरातील हवा

पंचोपचार पूजेत गंध, पुष्प, धूप, दीप व नैवेद्य असे पाच उपचार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिल्या तिहींचा संबंध सुवासाशी आहे. जेथे देवाची वस्ती तेथे दुर्गंध असू नये, ही आपल्या पूर्वजांची दृष्टी. म्हणूनच पावसाळ्यात घराला कुबट वास येऊ लागला, की आपला हात सहजच उदबत्तीच्या पुड्याकडे जातो. तथापि धूप जाळल्याने हवा शुद्ध होते काय, या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रसंग गतवर्षी आमच्याच घरी आला. चतुर्थी जवळ आली असता तो विचार सर्व महाजन कुटुंबांपुढे मांडणे मला उचित वाटते.

माझे वडील देवळात पूजेचे काम करतात. गर्भगृहाला खिडकी नाही. तीस वर्षे सकाळ-सायंकाळ त्या धुरात उभे राहिल्यावर गतवर्षी श्रावणात त्यांचा खोकला हटेना. डॉक्टरांनी तपासून धुरापासून दूर राहण्यास सांगितले. औषध घेण्यास वडिलांची ना नव्हती. परंतु धुपावाचून पूजा उणी राहील, हे त्यांना सोसवेना. दोन दिवस ते कोणाशी फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या सायंकाळी त्यांनीच मला बोलावून म्हटले, “अरे, धुपाचा मंत्र मी जन्मभर म्हणत आलो. वनस्पतींच्या रसापासून झालेला, देवांनी हुंगावा असा उत्तम गंध मी अर्पण करतो, असा त्याचा आशय. त्यात धुराचे नाव कोठे आहे?” या एका वाक्याने मार्ग मोकळा झाला.

आता धुराचे स्वरूप पाहू. बाजारातील सामान्य उदबत्तीत बांबूची काडी, कोळशाची पूड, चिकटपणासाठी जिगट आणि वर सुगंधी द्रव्य असते. ती धुमसते तेव्हा अतिसूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखे वायू हवेत मिसळतात. २·५ मायक्रॉनहून लहान असलेले कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. ते नाकात न अडता थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. हवेच्या एका घनमीटरमध्ये अशा कणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारताचे २००९ चे मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ सांगितली आहे. बंद खोलीत उदबत्त्यांचा जुडगा लावला तर ही मर्यादा तेवढ्या वेळेपुरती सहज ओलांडली जाते. धूप शुद्ध गुग्गुळाचा असो वा गोवरीवरील राळेचा असो, धूर हा धूरच होय.

दुसरी गोष्ट अशी, की सुवासाने दुर्गंध झाकला जातो, नाहीसा होत नाही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा दिवसांतील कुबट वास बहुधा बुरशीचा असतो. म्हणून प्रथम उपाय मुळावर करावा. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. ओले कपडे निजण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत. उघडीप मिळताच समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि अंथरुणे उन्हात टाकावीत. भिंतीवर बुरशी दिसल्यास नाकातोंडावर फडके बांधून ती ओल्या कपड्याने पुसून काढावी आणि जागा कोरडी करावी. एवढे झाल्यावरच सुवासाचा विचार करावा.

सुगंधाचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ति’ या विषयाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. सोळा द्रव्यांतून एका वेळी चार निवडली, तर १८२० प्रकार होतात, हे गणितही त्याने तेथे मांडले आहे. आपणांस इतक्या प्रकारांची गरज नाही. घरात धुरावाचून करता येण्याजोगे चार प्रकार पुढे देत आहे.

पहिला, कोरडी पुरचुंडी. हा प्रकार पावसाळ्यासाठी उत्तम. बकुळीची, म्हणजे ओवळांची फुले वाळल्यावरही सुवास सोडीत नाहीत, सुरंगीचेही तसेच. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली अशी फुले दोन मुठी, कातरलेला वाळा एक मूठ, जाडसर कुटलेली कपूरकाचरी दोन चमचे आणि दहा लवंगा एकत्र करून मलमलीच्या तुकड्यात बांधाव्यात. कपाटात, पोथ्यांच्या पेटीजवळ किंवा देवघराच्या फळीवर ही पुरचुंडी ठेवावी. वास मंदावला की हाताने चुरगळावी. फुलांना ओल लागल्यास ती टाकून द्यावी.

दुसरा, सोड्याची वाटी. खाण्याचा सोडा आंबूस वास शोषून घेतो. चार चमचे सोड्यात गवती चहाच्या तेलाचे आठ-दहा थेंब मिसळावेत, वाटीवर पातळ कापड बांधावे आणि ती चपलांच्या कपाटाशी किंवा मोरीजवळ ठेवावी. महिन्याने सोडा बदलावा.

तिसरा, सुगंधी आधण. तळणीचा वास स्वयंपाकघरात रेंगाळतो तेव्हा दोन पेले पाण्यात एका लिंबाची साल, दालचिनीचा बोटभर तुकडा व चार लवंगा घालून मंद आचेवर पाव तास ठेवावे. त्या वेळी खिडकी उघडी असावी आणि भांड्याजवळ कोणीतरी असावे.

चौथा, वाळ्याची जुडी. परंतु ही उन्हाळ्यासाठी. वाळ्याची सुमारे ५० ग्रॅम मुळे धुऊन अर्धा तास भिजवावीत, जुडी बांधून वाऱ्याच्या खिडकीत टांगावी आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडावे. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड होते व सुवासही पसरतो. चार दिवसांनी जुडी कडक उन्हात वाळवावी. पावसाळ्यात हा उपाय करू नये, कारण आधीच ओलसर असलेल्या हवेत आणखी ओल वाढते.

काही सावधगिरी आवश्यक आहे. कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. सांप्रत मिळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो, त्यामुळे ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. डांबराच्या गोळ्या तान्ह्या मुलाच्या कपड्यांत कधीही ठेवू नयेत. सुगंधी तेले तान्ह्या बाळाजवळ वापरू नयेत. घरात दम्याचा रोगी असल्यास सौम्य वासाचाही त्रास होतो का, हे त्यालाच विचारावे.

मग उदबत्ती वर्ज्य करावी काय? असे माझे म्हणणे नाही. चतुर्थीला माटोळीखाली पाहुण्यांची दाटी असते; तेव्हा एकच उदबत्ती उघड्या खिडकीशी लावावी आणि आरती संपताच विझवावी. आमच्या देवळात आता गर्भगृहात आरतीपुरती एकच उदबत्ती असते, आणि धुपाटणे सभामंडपात मोकळ्या वाऱ्यावर फिरते. वडिलांचा खोकला पुष्कळ उणा झाला आहे. पुरता गेलेला नाही.

म्हार्दोळला श्रीमहालसेच्या देवळात जायांची पूजा होते, तेव्हा फुलांच्या राशींनीच सारे देऊळ दरवळते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. त्या सुवासाने कोणाचे डोळे चुरचुरत नाहीत की कोणाला ठसका लागत नाही. या चतुर्थीला प्रत्येक देवघरात तसाच गंध असावा, आणि त्या गंधात उभे राहून वृद्धांना व बालकांना मोकळा श्वास घेता यावा, हीच श्रीचरणी प्रार्थना.