भावनांचा आवेग आणि हृदय

छातीत धस्स होणे, ऊर भरून येणे, काळजाचे पाणी होणे, हृदय विदीर्ण होणे! मनाची अवस्था सांगताना आपली भाषा हृदयाचाच आश्रय घेते. (काळीज हे वास्तविक मूळचे यकृताचे नाव, परंतु भाषा शारीरशास्त्राच्या संमतीसाठी थांबत नाही.) हे सारे केवळ अलंकार होत, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटे. जॉन हंटर यांचा वृत्तांत वाचल्यापासून मात्र तसे वाटेनासे झाले.

हंटर हे अठराव्या शतकातील लंडनचे अग्रगण्य शस्त्रवैद्य. देवीच्या लसीसाठी प्रसिद्ध असलेले एडवर्ड जेन्नर हे त्यांचे शिष्य. १७७३ पासून हंटर यांस छातीत कळा येऊ लागल्या आणि राग आला की त्या हटकून उठत. आपला प्राण आपणांस डिवचू पाहणाऱ्या कोणाही हलकटाच्या हाती आहे, असे ते स्वतःच म्हणत. अशा कळांनी मृत्यू पावलेल्यांच्या हृद्रोहिण्या, म्हणजे हृदयासच रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या, कठीण झालेल्या जेन्नर यांनी पाहिल्या होत्या. गुरूंचा विकारही तोच, हे त्यांनी ताडले; परंतु गुरूंच्या मनास धक्का बसेल म्हणून ते प्रसिद्ध केले नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या सभेत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद निघाला. एका सहकाऱ्याने हंटर यांचे म्हणणे खोडून काढले. संताप आवरीत ते शेजारच्या खोलीत गेले, कण्हले आणि कोसळून गतप्राण झाले. शवविच्छेदनात त्यांच्या हृद्रोहिण्या हाडासारख्या टणक झालेल्या आढळल्या.

कोणाचे एक वाक्य हृदयापर्यंत पोचते तरी कसे? मेंदूस धोका जाणवताच अनुकंपी मज्जातंतूंतून संदेश सुटतात, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनॅलिन रक्तात सोडतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो आणि रक्त गोठण्यास अधिक तत्पर होते. तोंडी परीक्षेत नाव पुकारले जाण्यापूर्वी मनगटावर बोट ठेवल्यास याचा प्रत्यय कोणासही येईल. वाघ समोर आला तर ही सिद्धता उपकारक. सभेत मात्र ना पळता येत, ना लढता. निरोगी हृद्रोहिण्या अशा वेळी रुंदावतात. मेदाचे थर साचलेल्या रोहिण्या उलट आकुंचन पावू शकतात. म्हणजे मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. थर फुटलाच तर तेथे गुठळी धरते. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात, जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्यूनिक परिसरात हृदयविकाराचे तातडीचे प्रसंग एरव्हीच्या अडीच पटींहून अधिक झाले, तेही आधीच हृद्रोग असलेल्यांत विशेष!

तथापि रोहिण्या मोकळ्या असूनही हृदय हतबल होऊ शकते. जपानमधील वैद्यांनी १९९० मध्ये अशा विकारास 'ताकोत्सुबो' हे नाव दिले. जपानी भाषेत हे ऑक्टोपस धरण्याच्या अरुंद गळ्याच्या, गोल बुडाच्या मडक्याचे नाव. प्रियजनाचा मृत्यू, भूकंप, भयंकर भीती यांनंतर हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगतो व आकुंचन पावेनासा होतो, तेव्हा त्याचा आकार तसाच दिसतो. दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात, बहुतेक उतारवयातील. आम्हांस सर्वांत नवल वाटले ते हे की, मुलाचे लग्न किंवा वाढदिवस अशा आनंदाच्या प्रसंगानेही क्वचित हा विकार जडतो.

बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. परंतु पहिले दिवस धोक्याचे असतात आणि लक्षणे हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्याचीच असतात. रोहिण्यांची तपासणी झाल्यावाचून वैद्यासही दोहोंतील भेद खात्रीने सांगता येत नाही. मग दुःखाच्या घरी एखाद्या वृद्धेने छाती दुखते म्हटले असता, "शोकाने होते तसे, जरा पडा म्हणजे बरे वाटेल," असे आपण कोणत्या आधारावर सांगतो? तिला त्याच घटकेस रुग्णालयात न्यावयास हवे.