हिशेबाचा सर्व्हर : पेटी ऐसपैस घ्या, मजबूत घ्या



१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आपल्या बहुतेक पेढ्यांवर लाल कापडी वह्यांची जागा संगणकाने घेतली. एक मुलगा बिल बनवतो, दुसरा गोदामातला माल चढवतो, मुनीमजी उधारी पाहतात, आणि या सर्वांचा हिशेब एकाच संगणकात जमा होतो. त्यालाच सर्व्हर म्हणतात. तो जोडून घेताना आपण प्रोसेसर विचारतो, मेमरी विचारतो, हार्ड डिस्क किती मोठी ते विचारतो. पण हे सारे ज्या लोखंडी पेटीत बसवायचे, जिला बाजारात कॅबिनेट म्हणतात, तिच्याबद्दल मात्र "कोणतीही लावा" म्हणून मोकळे होतो. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आज त्यावर लिहीत आहे.

गोष्ट २०१८ च्या उन्हाळ्यातली. नव्या सर्व्हरसाठी मी एक देखणी, अरुंद पेटी पसंत केली होती. समोर काच, आत रंगीत दिवे. दोन्ही हार्ड डिस्क एकीवर एक चिकटून, आणि त्यांच्यापुढे पंखा नाही. दुकानामागे यंत्रमाग चालतात, सुताची तूस हवेत सतत उडत असते. दोन महिन्यांत पेटीची फट तुसाने बुजली. मे महिन्यात एकाच आठवड्यात दोन्ही डिस्क गेल्या. बाहेर ठेवलेली प्रत पाहिली तर ती पाच आठवड्यांपूर्वीची निघाली. मधल्या काळातल्या सर्व रोख जमेच्या नोंदी गेल्या.

आम्ही जुन्या प्रतीवरून उधारीची यादी काढली आणि वसुलीला माणूस पाठवला. यादीत एक विधवा बाई होत्या. घरी कपडे शिवून विकतात, कापड आमच्याकडून उधारीवर नेतात. त्यांनी सात हजार रुपये भरले होते, पण यादीत ते नव्हते. आमचा माणूस त्यांच्या दारात जाऊन चारचौघांसमोर पैसे मागून आला. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून आमच्याच सहीची पावती काढली आणि गादीवर ठेवली. एक शब्द बोलल्या नाहीत. मी माफी मागितली, पण गल्लीत जे झाले ते परत घेता येत नाही. त्यांचा पत्र्याचा डबा माझ्या काचेच्या पेटीपेक्षा भरवशाचा निघाला.

हिशेब ही अमानत आहे

कुरआन शरीफमध्ये सूरह बकराची आयत २८२ उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे हे आपण जाणतो. लिहिणे जर इतके महत्त्वाचे, तर लिहिलेले सांभाळणे ही देखील आपलीच जबाबदारी. कायदाही तेच सांगतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्याने त्याची वेगळी प्रत ठेवावी, अपघात झाला तरी माहिती वाजवी वेळेत परत मिळावी, असे नियमातच आहे. म्हणजे आपला सर्व्हर सहा-सात वर्षे टिकेल असाच बांधला पाहिजे. आतले भाग मधूनमधून बदलतात, पण पेटी चांगली असेल तर तीच राहते.

पहिला धडा : माप

कापड घेताना आपण आधी पन्हा पाहतो. पेटीचेही तसेच आहे. मदरबोर्डची मापे ठरलेली आहेत. एटीएक्स हे माप इंटेल कंपनीने १९९५ साली आणले आणि ते आजही चालते. हा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर असतो. त्याहून लहान मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ मिलिमीटर, आणि त्याहूनही लहान मिनी-आयटीएक्स १७० बाय १७० मिलिमीटर. आपला बोर्ड मायक्रो-एटीएक्स असला तरी पेटी पूर्ण एटीएक्सची घ्यावी. मोठ्या पेटीत लहान बोर्ड बसतो, लहान पेटीत मोठा बसत नाही. मुलाच्या अंगाला सदरा थोडा वाढता शिवतात, तसेच हे.

बोर्डाची कड आणि डिस्कचा कप्पा यांच्यामध्ये निदान चार बोटे जागा हवी. तिथूनच वायरी जातात आणि तिथेच कारागिराचा हात जातो. हात नीट जात नसेल तर वायर ओढून बसवली जाते, आणि ओढलेली वायर कधी तरी दगा देते. प्रोसेसरवरचा उभा कूलर बहुधा १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतो. पेटीच्या माहितीपत्रकात किती उंचीचा कूलर बसतो ते छापलेले असते, तो आकडा वाचावा. एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो. लांबी मात्र १४० मिलिमीटरपासून पुढे बदलते. त्याच्या मागे वायरींसाठीही जागा धरावी.

दुसरा धडा : डिस्कचे घर

पेढीच्या सर्व्हरमध्ये खरी दौलत हार्ड डिस्कमध्ये असते. मोठी हार्ड डिस्क, जिला साडेतीन इंची म्हणतात, ती १०१.६ मिलिमीटर रुंद, १४७ मिलिमीटर लांब आणि सुमारे २६ मिलिमीटर जाड असते. अशा किती बसवायच्या? दोन डिस्कवर एकच हिशेब एकाच वेळी लिहिला जावा, म्हणजे एक गेली तरी काम थांबत नाही. तिसरी रोजच्या प्रतीसाठी. चौथा कप्पा रिकामा असावा, कारण डिस्क बदलायची वेळ आली की नवी शेजारी बसवून माल हलवता येतो. म्हणून साडेतीन इंचीचे चार कप्पे नसतील ती पेटी परत ठेवावी. प्रणाली चालवण्यासाठी लहान एसएसडी लागते, ती कुठेही बसते.

आजच्या बऱ्याच शोभेच्या पेट्यांत मोठ्या डिस्कचे दोनच कप्पे असतात, तेही एसएमपीएसजवळ तळाशी, बंद जागेत. तिथे वारा पोहोचत नाही. डिस्कचे कप्पे पुढच्या पंख्याच्या थेट मागे हवेत आणि दोन डिस्कमध्ये बोटभर फट हवी. बहुतेक डिस्क ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालतील असे बनवणारे सांगतात, पण मी ४५ च्या वर जाऊ देत नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४२ च्या पुढे जातो, हे ध्यानात ठेवावे. कप्प्यात रबराचे वायसर असतील तर उत्तम. डिस्क फिरताना थरथरते, आणि चार डिस्कची थरथर सैल पत्र्यात वाढते.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दोन डिस्कवर एकच हिशेब लिहिणे म्हणजे प्रत ठेवणे नव्हे. मुनीमजींनी चुकून एखादे खाते पुसले तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसले जाते. खरी प्रत वेगळी ठेवावी आणि एक प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवावी. माझी चूक इथेही झाली होती.

तिसरा धडा : पत्रा

हलक्या कापडाला खळ देऊन वजनदार बनवतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि कापड चाळणी होते. पेटीतही काच आणि दिवे ही खळच आहे. पत्रा पाहावा. स्वस्त पेटीत तो ०.४ ते ०.५ मिलिमीटरचा असतो. सर्व्हरसाठी ०.७ ते ०.८ किंवा त्याहून जाड पत्रा घ्यावा. पोलादावर जस्ताचा मुलामा असावा, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो.

दुकानात उभ्या उभ्या चार परीक्षा घेता येतात. बाजूचे झाकण मधोमध अंगठ्याने दाबा, डबडब वाजले तर नको. झाकण काढून सांगाडा एका कोपऱ्याने उचला, पिळवटला तर नको. आतल्या कडांवरून हलके बोट फिरवा, कडा मुडपलेल्या असाव्यात, नाहीतर हात कापतो आणि वायरही सोलते. एक स्क्रू तीन वेळा लावून काढा, आटे गेले तर नको. रिकामी पेटी हाताला भारी लागली पाहिजे.

बोर्डाखाली पितळेचे छोटे खुंट असतात. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच खुंट हवा. जास्तीचा एखादा खुंट राहिला तर तो बोर्डाला मागून टेकतो आणि शॉर्टसर्किट होते. जोडणाऱ्याकडून हे आपल्यासमोर मोजून घ्यावे.

चौथा धडा : वारा आणि तूस

वारा समोरून आत यावा आणि मागून बाहेर जावा. समोर १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन पंखे, मागे एक. आत येणारा वारा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडा जास्त असला तर पेटीत दाब राहतो, आणि धूळ फटींतून आत न शिरता फक्त जाळीतून येते. जाळीत ती अडकते. म्हणून समोर बारीक जाळी हवी, आणि ती पेटी न उघडता बाहेरून निघणारी हवी. समोर काच असलेली पेटी कितीही सुंदर असो, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या मागांच्या गावात ती घेऊ नये.

आमच्याकडे शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी जाळी काढून धुवावी, पूर्ण वाळवावी आणि लावावी. तीन महिन्यांतून एकदा सर्व्हर बंद करून, वायर काढून, पेटी बाहेर नेऊन हवेने साफ करावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. हवेच्या झोताने पंखा भरधाव फिरला तर बेअरिंग खराब होते. ओला कपडा आत लावू नये. पेटी जमिनीवर ठेवू नये, फूटभर उंच चौरंगावर ठेवावी. लाकडी कपाटात कोंडू नये. वरच्या बाजूला भोके असलेली पेटी असेल तर तिच्यावर चहाचा ग्लास ठेवणारा माणूस पेढीवर नक्की असतो, म्हणून वरून बंद असलेली पेटी बरी.

पाचवा धडा : वीज

कित्येक स्वस्त पेट्यांबरोबर एसएमपीएस फुकट येतो. त्यावर आकडा मोठा लिहिलेला असतो, पण तो प्रत्यक्षात तितका भार सोसेलच असे नाही. फुकटचा डबा नको. चांगल्या कंपनीचा, '८० प्लस' खूण असलेला वेगळा घ्यावा. पेटी धातूची असते, म्हणून तीन पिनांची जोडणी आणि खरे अर्थिंग हवे. पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर अर्थिंग नाही असे समजून आधी वायरमनला बोलवावे. यूपीएसशिवाय सर्व्हर सुरूच करू नये.

रॅकची पेटी घ्यावी काय?

काही जण आडवी रॅकची पेटी सुचवतात. तिची उंची 'यू' मध्ये मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, आणि रॅकची रुंदी १९ इंच. एक यूच्या पेटीत ४० मिलिमीटरचे छोटे पंखे असतात, ते फार जोराने फिरतात आणि गादीवर बसणे नकोसे होते. चार यूच्या पेटीत मोठे पंखे बसतात, पण तिला वेगळे कपाट आणि खोली हवी. एका पेढीला उभी टॉवर पेटीच पुरेशी आहे. जुन्या बाजारातून कंपनीचा वापरलेला सर्व्हर घेणाऱ्यांनीही जपावे. त्याचे बोर्ड आणि एसएमपीएस पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, बाजारातला भाग त्यात बसत नाही.

खरेदीला जाताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहराच्या संगणक बाजारात जाताना खिशात मीटरटेप ठेवा आणि खालील कात्रण सोबत न्या :

१) एटीएक्स माप, आत हात फिरेल इतकी जागा.
२) साडेतीन इंचीचे चार कप्पे, पंख्याच्या मागे.
३) पत्रा ०.७ मिलिमीटर किंवा जास्त, कडा मुडपलेल्या.
४) समोर जाळी, बाहेरून निघणारी.
५) पुढे दोन पंखे, मागे एक.
६) एसएमपीएस वेगळा, अर्थिंग तपासलेले.
७) वरून बंद, दिवे नसले तरी चालतील.

आज माझ्या पेढीवर साधी काळी पेटी आहे. गिऱ्हाईक तिच्याकडे पाहतही नाही. रात्री दुकान बंद करताना प्रत निघाली की नाही ते मी स्वतः पाहतो, आणि प्रत्येक रोख जमेची पावती आजही कागदावर देतो. त्या बाई अजून आमच्याकडूनच कापड नेतात. पावती हातात पडेपर्यंत त्या काउंटरवरून हलत नाहीत, आणि मला त्याचा राग येत नाही.

अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या तिजारतीत बरकत देवो आणि लोकांचा हिशेब चोख ठेवण्याची तौफीक देवो. आमीन.